रचित भाषेतले क्रियापद आणि त्याचे सहभागी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वतःची भाषा रचायला बसलेला माणूस आधी नामे गोळा करतो. पाणी, घर, चंद्र, समुद्र अशी वहीची पाने भरतात आणि पहिले धड वाक्य लिहायला घेतले की काम अडते. अडते ते क्रियापदापाशी. म्हापसा, फोंडा, डिचोली, मडगाव इथून, बालनाट्य लिहिणाऱ्यांकडून आणि कॉलेजातल्या मुलामुलींकडून मला जे प्रश्न येतात ते बहुतेक याच जागेचे असतात, म्हणून ते एकत्र केले. माझे मत आधीच सांगते: नामे नंतर करा. आधी वीस-पंचवीस क्रियापदे घ्या आणि प्रत्येकाबरोबर कोण कोण येणार ते ठरवा. भाषेचा स्वभाव तिथे ठरतो.

क्रियापदाची संयुजा म्हणजे काय?

शब्द रसायनशास्त्रातला. कार्बनची संयुजा चार, हे आपण शाळेत शिकलो. लुसिआँ तेनिएर या फ्रेंच भाषावैज्ञानिकाने ही कल्पना क्रियापदाला लावली. त्याचा मुख्य ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १९५९ मध्ये निघाला. क्रियापद जितके सहभागी मागते तितकी त्याची संयुजा. ‘झोपणे’ एक मागते, ‘फोडणे’ दोन, ‘देणे’ तीन.

हा झाला आकडा. ते सहभागी कोणत्या नात्याने येतात (करणारा, सोसणारा, मिळणारा, अनुभवणारा) आणि वाक्यात कोणते रूप घेतात, ती सहभागरचना. यातली दुसरी गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे. पाणिनीने कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अपादान आणि अधिकरण अशी सहा कारके मानली आणि ती विभक्तीपासून वेगळी ठेवली. नाते एक, रूपे अनेक असू शकतात. भाषा रचणाऱ्याने एवढे एक तत्त्व घट्ट धरले तरी निम्मा गोंधळ टळतो.

अकर्मक, सकर्मक, द्विकर्मक एवढे पुरेसे नाही का?

सुरुवातीला पुरते. पण ‘पोहणे’ आणि ‘बुडणे’ दोन्ही अकर्मक. पोहणारा काहीतरी करतो, बुडणाऱ्याच्या बाबतीत काहीतरी घडते. मराठीत दोन्हीकडे रूप एकच, ‘तो पोहला’ आणि ‘तो बुडाला’. उत्तर अमेरिकेतल्या लकोटासारख्या भाषा मात्र अशा दोन कर्त्यांना वेगवेगळी खूण लावतात. तुमच्या भाषेने कोणती बाजू घ्यायची, हा प्रश्न ‘अकर्मक’ या एका लेबलाखाली दिसतच नाही.

अमुक एक सहभागी आहे की नुसता सोबतचा तपशील, हे कसे ओळखायचे?

वाक्याचे दोन तुकडे करून पाहा. ‘आईने भात शिजवला, आणि हे सकाळी घडले.’ बसते. म्हणजे ‘सकाळी’ हा तपशील. आता ‘त्याने पुस्तक ठेवले, आणि हे कपाटात घडले.’ बिघडले. ठेवणे म्हटले की कुठे हे आलेच, म्हणून ‘कपाटात’ हा ‘ठेवणे’चा सहभागी. एकच स्थळ एका क्रियापदाला परके आणि दुसऱ्याला घरचे असू शकते.

बोलताना गाळणे आणि मुळात नसणे यांत गल्लत करू नका. ‘खाल्लास का?’ या प्रश्नात पदार्थाचे नाव नाही, पण दोघांनाही तो ठाऊक आहे. ‘झोपलास का?’ यात गाळण्यासारखे काही नव्हतेच.

एकही सहभागी नसलेले क्रियापद ठेवावे का?

अवश्य. ‘उजाडले’, ‘सांजावले’ यांना कर्ता नाही. आपल्या व्याकरणात यांना भावकर्तृक म्हणतात. कोकणीतही ‘उजवाडलें’ म्हटले की झाले. पावसाला मात्र मराठी ‘पाऊस पडतो’ म्हणून एक सहभागी देते, कोकणी ‘पावस पडटा’ म्हणून तेच करते. एस्पेरांतो या रचित भाषेत ‘प्लुवास’ एवढा एकच शब्द म्हणजे पूर्ण वाक्य. उलट टोकाला लोजबान ही दुसरी रचित भाषा: तिच्या ‘शार्वी’ या पावसाच्या शब्दाला तीन जागा आहेत, काय पडते, कुठे पडते आणि कशातून पडते.

इंग्रजीला बिनकर्त्याचे वाक्य सोसत नाही, म्हणून ती तिथे एक पोकळ सर्वनाम बसवते. मुलांच्या वहीत हे सर्वनाम हटकून सापडते, कारण पहिली वाक्ये ती इंग्रजीत विचार करून लिहितात. तुमच्या भाषेत त्याचे काही काम नसेल तर काढून टाका.

जास्तीत जास्त किती सहभागी देता येतात?

नैसर्गिक भाषांत तीनपुढे मामला क्वचित जातो. रचित भाषांत लोजबानने हे टोकाला नेले. तिचे काम १९८७ मध्ये सुरू झाले; तिची पूर्वज लोगलान जेम्स कुक ब्राऊन यांनी १९५५ पासून घडवली. लोजबानच्या मूळ शब्दांना जास्तीत जास्त पाच जागा असतात आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो. ‘क्लामा’ घ्या: पहिली जागा जाणाऱ्याची, दुसरी मुक्कामाची, तिसरी निघण्याच्या ठिकाणाची, चौथी वाटेची, पाचवी वाहनाची. ‘मी पेडण्याहून म्हापशामार्गे कदंब बसने पणजीला जाते’ या वाक्यात पाचही जागा भरल्या. मराठीने प्रत्येकाला वेगळी खूण लावली म्हणून क्रम कसाही चालतो. लोजबान खूण लावत नाही, ती जागा मोजते. मधली जागा रिकामी सोडायची तर ‘झोहे’ घालायचे, आणि मुक्काम पुढे आणायचा तर शब्दाआधी ‘से’ लावून पहिल्या-दुसऱ्या जागेची अदलाबदल करायची.

विचार म्हणून हे सुंदर आहे. पण चौथी-पाचवी जागा पाठ ठेवावी लागते, आणि माणसाच्या बोलीत ज्याची रोज गरज नाही ते पाठ राहत नाही. गोष्टीतल्या माणसांसाठी भाषा करत असाल तर तीनवर थांबा, बाकीचे शब्दयोगी अव्ययांवर सोडा.

करणारा कोण आणि सोसणारा कोण, हे ऐकणाऱ्याला कसे कळवायचे?

मार्ग तीनच: शब्दक्रम, नामाला खूण किंवा क्रियापदाला खूण. बाकी सगळी मिश्रणे. २००१ मध्ये सोन्या लांग यांनी केलेल्या तोकी पोनाने क्रम ठेवला आणि कर्माआधी ‘ए’ हा छोटा शब्द घातला. ‘मी मोकु ए किली’ म्हणजे मी फळ खातो. ‘ए’ नसलेले नुसते ‘मी मोकु’ मात्र ‘मी खातो’ असेही ऐकू येते आणि ‘मी अन्न आहे’ असेही. एस्पेरांतो कर्माला ‘न’ जोडते, म्हणून तिथे शब्द मागेपुढे करता येतात. ‘स्टार ट्रेक’साठी रचलेल्या क्लिंगॉनमध्ये कर्ता आणि कर्म या जोडीसाठी क्रियापदाला एकच उपसर्ग लागतो, शिवाय कर्म आधी आणि कर्ता शेवटी.

पॉल फ्रॉमर यांनी २००९ च्या एका चित्रपटासाठी रचलेली नावी भाषा मला यात सगळ्यांत धीट वाटते. तिथे अकर्मक वाक्याचा कर्ता बिनखुणेचा, सकर्मक वाक्याच्या कर्त्याला एक खूण आणि कर्माला दुसरी. तीन भूमिका, तीन रूपे. जगातल्या फार थोड्या भाषा असे करतात.

मग मराठी यात कुठे बसते?

दोन ठिकाणी, आणि म्हणूनच ती बघण्यासारखी आहे. ‘मुलगा आंबा खातो’ यात क्रियापद मुलाचे ऐकते. ‘मुलाने आंबा खाल्ला’, ‘मुलाने कैरी खाल्ली’ यात मुलाला ‘ने’ लागला आणि क्रियापद कर्माचे ऐकू लागले. काम पूर्ण झाले की मांडणी बदलते. त्यातही ‘मी आंबा खाल्ला’ यात ‘मी’ला काही लागत नाही. जुन्या मराठीत ‘म्यां’ होते, ते गेले. कोकणीने ते राखले: ‘हांव आंबो खातां’, पण ‘हांवें आंबो खालो’. घरी कोकणी आणि शाळेत मराठी असलेले गोव्यातले मूल हा फरक दिवसातून कितीदा तरी ओलांडते. अशा मुलाला ‘तुझ्या भाषेत भूतकाळात काय बदलेल?’ असे विचारले की ते गांगरत नाही, लगेच काहीतरी सुचवते. हे त्यांचे भांडवल आहे आणि त्यांनी ते वापरावे.

आणखी एक बारकावा. ‘ती चहा प्यायली’, ‘तो धडा शिकला’, ‘तो नाव विसरला’ या वाक्यांत कर्म आहे, काम पूर्ण झाले आहे, तरी सहज बोलताना ‘ने’ येत नाही. पिणे, शिकणे, विसरणे, समजणे: या सगळ्यांत करणाऱ्याच्याच आत काहीतरी जाते, उमटते किंवा पुसले जाते. (‘खाणे’ याच अर्थाचे असून ‘ने’ घेते. नियमात असे एखादे भोक भाषेला शोभते.) हा गट लक्षात ठेवा, लगेच पुन्हा लागणार आहे.

संयुजा वाढवायची कशी?

प्रयोजक करून. कुणीतरी घडवून आणणारा वाक्यात येतो आणि आकडा एकाने वाढतो. मराठीत शिजणे-शिजवणे, बसणे-बसवणे. एस्पेरांतोत ‘बोली’ म्हणजे उकळणे, ते पाण्याचे. माणसाने पाणी उकळायचे तर ‘बोलिगी’ म्हणावे लागते. एस्पेरांतो शिकणारे इथे सर्रास अडखळतात.

हे जवळून पाहू. या पानापुरते चार शब्द करू: तुल (शिजणे), दिम (भात), नेला (आई), किओ (मुलगा). क्रियापद आधी येईल. करणाऱ्यापुढे ‘गा’, ज्याच्यावर घडते त्यापुढे ‘पे’, आणि घडवून आणण्यासाठी ‘मा’.

तुल पे दिम. (भात शिजला.)
तुलमा गा नेला पे दिम. (आईने भात शिजवला.)

आता आईने मुलाकडून भात शिजवून घेतला. ‘तुलमामा गा नेला’ इथवर ठीक. पण किओचे काय करायचे? करणारा तोही आहे, पण ‘गा’ची जागा आईने घेतली. खरा निर्णय इथे घ्यावा लागतो, आणि बहुतेक वह्यांत हेच पान कोरे असते.

मराठीचे उत्तर दुपदरी आहे. ‘सुताराकडून दार करून घेतले’ यात सुतार हा काम करणारा हात, त्याला ‘कडून’. ‘बाळाला दूध पाजले’, ‘मुलाला गाणे शिकवले’, ‘आजीला पत्र ऐकवले’ यांत मधल्या माणसाला काहीतरी मिळते, त्याच्या आत काहीतरी जाते, म्हणून ‘ला’. म्हणजे मघाचाच गट, पिणे-शिकणे यांचा, दुसऱ्या दाराने परत आला. नावीत मधला माणूस संप्रदानाची, म्हणजे मिळणाऱ्याची, खूण घेतो. मला मराठीची वाट अधिक आवडते, म्हणून आपल्या छोट्या भाषेत दोन खुणा करू: हातासाठी ‘सो’, मिळणाऱ्यासाठी ‘लि’. बुर म्हणजे पिणे आणि मिस म्हणजे दूध.

तुलमामा गा नेला सो किओ पे दिम. (आईने मुलाकडून भात शिजवून घेतला.)
बुरमा गा नेला लि किओ पे मिस. (आईने मुलाला दूध पाजले.)

आता ‘तुलमामा गा नेला लि किओ पे दिम’ असे कुणी म्हटले तर? तर आईने मुलाला भात शिजवायला लावला तो त्याला ते काम यावे म्हणून. एका खुणेच्या अदलाबदलीत मोलकरी आणि शिष्य वेगळे झाले. हे शब्दकोश वाढवून साधत नाही.

‘मला चढवत नाही’ यातला ‘व’ही प्रयोजकच का?

रूप तेच, काम वेगळे. ‘ती गाडी चालवते’ यात आकडा वाढला. ‘आजोबांना आता आल्तिन्होचा चढ चढवत नाही’ यात कुणी वाढले नाही, करणाऱ्याने फक्त ‘ना’ घेतला आणि तो करणारा न राहता ज्याला जमत नाही असा माणूस झाला. याला शक्य क्रियापद म्हणतात. नवी भाषा रचताना एका प्रत्ययाला अशी दोन कामे जरूर द्या. एक प्रत्यय एक काम असे काटेकोर ठेवले की भाषा यंत्राने केल्यासारखी वाटते.

फायदा कुणाचा हे क्रियापदात घालता येते का?

येते. ‘नारळ सोल’ आणि ‘नारळ सोलून दे’ यांत दुसऱ्याने घेणारा माणूस आणला. मराठीने हे ‘देणे’ आणि ‘घेणे’ जोडून साधले. स्वाहिलीत ‘आंदिका’ म्हणजे लिहिणे आणि ‘आंदिकिया’ म्हणजे कुणालातरी किंवा कुणासाठी लिहिणे. क्रियापदाच्या पोटातच जागा तयार होते.

आणि कमी करायची कशी?

कर्मणी प्रयोग पहिला आठवतो, पण मराठी माणूस बोलताना तो फारसा वापरत नाही. ‘कप फोडला गेला’ असे घरात कोण म्हणते? आपण म्हणतो ‘कप फुटला’. फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, फाटणे-फाडणे, सुटणे-सोडणे, जळणे-जाळणे या जोड्या आपल्याकडे तयारच आहेत, आणि त्यांत लहान रूप कोणते, मोठे कोणते हे सांगता येत नाही. स्वर किंवा व्यंजन बदलते आणि बाजू पालटते. एस्पेरांतो उलट दिशेने जाते. ‘फेर्मी’ म्हणजे बंद करणे, त्याला प्रत्यय जोडून ‘फेर्मिजी’, बंद होणे. म्हणजे दारासाठी मूळ रूप माणसाच्या बाजूचे, उकळण्यासाठी पाण्याच्या बाजूचे. तुमच्या भाषेत कोणती क्रिया आपोआप होणारी आणि कोणती कुणीतरी करावी लागणारी, हे ठरवताना त्या लोकांचे जगणे ठरते. कोळ्यांच्या भाषेत जाळे ‘फाटणे’ मूळ असेल की ‘फाडणे’?

फुटणे आणि फोडले जाणे यांतला फरक ‘मुद्दाम’ घालून पाहा. ‘कप मुद्दाम फोडला गेला’ चालते, ‘कप मुद्दाम फुटला’ चालत नाही. पहिल्यात करणारा पडद्याआड आहे, दुसऱ्यात तो नाहीच.

आणि मग ‘माझ्या हातून कप फुटला’. करणारा आला, पण हेतूशिवाय. ही जागा आपल्या रचित भाषांत मी फार शोधते आणि ती क्वचित सापडते. मुलांना सांगायचे की अपराध आणि अपघात यांच्यासाठी दोन वेगळ्या खुणा करा. तुमच्या राज्यातला न्यायाधीश त्यावर निकाल देईल.

एकच क्रियापद दोन्हीकडे वापरले तर?

चालेल. ‘दार उघडले’ आणि ‘त्याने दार उघडले’ यांत आपणही तेच करतो. त्याला उभयविध म्हणतात. फक्त सगळीच क्रियापदे अशी करू नका. इंग्रजीत ही मुभा फार आहे आणि ती नकळत उतरते.

‘मला आवडते’सारखी वाक्ये ठेवावीत का?

ठेवावीत असे मी आग्रहाने म्हणते. मला भूक लागली, मला थंडी वाजते, मला आठवते, मला मळमळते. अनुभव घेणारा इथे करणारा नसतो, ती गोष्ट त्याच्याकडे येते. कोकणीतही ‘म्हाका’ येतो. पण रचित भाषेत ‘आवडणे’ जवळजवळ नेहमी ‘खाणे’सारखे, कर्ता-कर्म असे मांडले जाते, आणि विचारले तर कारण देता येत नाही. ‘लि’ इथे वापरा. आवडणारी वस्तू ‘पे’ घेईल की बिनखुणेची राहील ते ठरवा, आणि राग, भीती, आठवण, तहान या चौघांना एकाच रांगेत बसवायचे का तेही. राग हा कदाचित ‘गा’ मागेल, काही लोक रागाला आपले कृत्य समजतात.

क्रियापदच नसलेली भाषा होऊ शकते?

सिल्व्हिया सोतोमायोर यांची केलेन याच प्रश्नातून झाली. तिथे क्रियापदांऐवजी नाती दाखवणारे मोजके चार शब्द आहेत, अर्थाचा भार नामांवर आहे. पहिल्या भाषेसाठी हा रस्ता घेऊ नका.

जत्रेच्या नाटकात राक्षसांच्या तोंडी चार वाक्ये घालायची आहेत. त्यासाठीही हे सगळे लागते?

सगळे नाही, एक गोष्ट लागते. प्रेक्षक भाषा शिकायला बसलेले नसतात, पण रचना कानावर पडते. पहिल्या प्रवेशात ‘तुल पे दिम’सारखे वाक्य हातवाऱ्यांसह आले आणि तिसऱ्या प्रवेशात त्याच क्रियापदाला ‘मा’ लागून बळी देण्याची आज्ञा आली, तर मागच्या रांगेतल्या पोरालाही कुणीतरी कुणाकडून काहीतरी घडवतो आहे एवढे कळते. अर्थहीन आरडाओरड्याने ते होत नाही. नटांना मात्र खुणा जोर देऊन म्हणायला सांगा, त्या तोंडात विरघळतात.

शब्दकोशात क्रियापद कसे लिहावे?

नुसता अर्थ लिहू नका. ‘बुर: पिणे’ ही नोंद अर्धी आहे, कारण तिच्यात मराठी ‘पिणे’ची सगळी रचना गुपचूप येऊन बसते आणि तुमची भाषा मराठीचे सांकेतिक रूप होते. नोंद अशी करा:

बुर. पिणे. गा (पिणारा), पे (द्रव). पे गाळता येते. गाळल्यास पाणी समजावे. मा लागल्यावर पिणारा लि घेतो.
तुल. शिजणे. पे (पदार्थ). गा येत नाही. मा लागल्यावर शिजवणारा गा घेतो; दुसरा मा लागल्यास आधीचा गा हा सो किंवा लि होतो.

प्रत्येक नोंदीखाली एक वाक्य खुणांसकट लिहा. पंधराएक क्रियापदे अशी झाली की त्यांचे गट आपोआप दिसू लागतात, आणि सोळावे कुठल्या गटात जायचे ते बहुतेक वेळा विचारावे लागत नाही. एखादे कुठेच बसले नाही, तर ते ओढूनताणून बसवू नका. वेगळे लिहून ठेवा आणि त्याच्यासारखे आणखी एखादे येते का ते पाहा.